बंदूक, गांजा आणि १७९१

या अंकाचं संपादकीय अमेरिकेतल्या एका कायद्यावर आहे. वस्तीत नळाला पाणी नाही आणि हा बाबा अमेरिकेच्या बंदुकांवर लिहीत बसलाय, असं काहीजण म्हणतील. म्हणू देत. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं ते ओकलंडच्या काळ्या पोरांकडनं घेतलं. नाव घेतलं तर त्या नावामागचा हिशेबही वाचावा लागतो. त्या हिशेबात बंदूक आहे, आणि बंदूक कुणाच्या हातात शोभते, कुणाच्या हातात गुन्हा ठरते, हे ठरवणारा कायदाही आहे.

मी गोदीत बोजा उचलतो. शिक्षण मॅट्रिक. कायद्याची पुस्तकं माझ्या बापजाद्यांच्या घरात नव्हती. पण कायदा कुणाच्या डोक्यावर पडतो आणि कुणाच्या डोक्यावर छत्री धरतो हे कळायला वकिलीची सनद लागत नाही. तेव्हा सरळ मुद्द्यावर येतो.

अमेरिकेच्या घटनेची दुसरी दुरुस्ती १७९१ सालची. तिनं तिथल्या लोकांना हत्यार बाळगायचा हक्क दिलाय. आपल्याकडं असा हक्क नाही. आपल्या घटनेत एकोणिसाव्या कलमात शांततेनं आणि विनाशस्त्र जमायचा हक्क आहे. हा फरक ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल.

१९६८ साली तिथं एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंगला गोळी घातली, जूनमध्ये रॉबर्ट केनेडीला. ऑक्टोबरमध्ये जॉन्सन साहेबांनी बंदूक नियंत्रणाच्या कायद्यावर सही ठोकली. कुणी बंदूक ठेवायची नाही याची यादी त्या कायद्यानं केली. मोठ्या गुन्ह्यात शिक्षा झालेला, कोर्टानं वेडा ठरवलेला, आणि त्यातच एक कलम नशेबाजाचं. बेकायदा अंमली पदार्थ घेणारा किंवा त्याच्या आहारी गेलेला माणूस बंदूक ठेवू शकत नाही. ठेवली तर तुरुंग. आधी जास्तीत जास्त दहा वर्षं होती, २०२२ साली ती पंधरा केली.

वरवर बघितलं तर कोण नाही म्हणेल? झिंगलेल्या माणसाच्या हातात बंदूक नको, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण कायदा नीट वाचा. पकडला तेव्हा माणूस नशेत होता का, असं तो विचारत नाही. बंदूक त्यानं कुणावर रोखली का, हेही विचारत नाही. तो एवढंच विचारतो की हा 'घेणारा' आहे का. दर शनिवारी रात्री गांजाचे चार झुरके मारले आणि मंगळवारी सकाळी बंदूक कपाटात कुलपात पडलीय, तरी गुन्हा. नशा उतरली तरी शिक्का उतरत नाही.

त्यातही एक भंकस आहे. अमेरिकेच्या जवळपास निम्म्या राज्यांत आज गांजा दुकानात मिळतो. पाटी लावून, बिल फाडून, राज्य सरकार त्यावर कर घेतं. पण दिल्ली म्हणावी तसं त्यांचं वॉशिंग्टन आहे, आणि वॉशिंग्टनच्या कायद्यात गांजा ओढणं बेकायदाच. बंदुकीच्या दुकानात एक फॉर्म भरून घेतात. त्यात प्रश्न असतो, तुम्ही अंमली पदार्थ घेता का? खाली ताकीद असते, तुमच्या राज्यात गांजा कायदेशीर असला तरी आमच्या लेखी तो बेकायदा. हो लिहिलं तर बंदूक नाही. नाही लिहिलं तर खोटं लिहिल्याचा गुन्हा. एक सरकार गल्ल्यावर बसून पैसे मोजतं, दुसरं सरकार दाराबाहेर बेड्या घेऊन उभं.

आता खटले बघू.

एप्रिल २०२२. मिसिसिपी राज्य. एका माणसाची गाडी पोलिसांनी अडवली, गाडीला नंबर प्लेट नव्हती. गाडीत गांजाचा वास. राखदाणीत ओढून विझवलेली थोटकं. आणि दोन भरलेल्या बंदुका. तो नशेत होता का, कुणी तपासलं नाही. त्यानं स्वतःच सांगितलं, महिन्यातले साधारण चौदा दिवस ओढतो. झालं. जवळजवळ चार वर्षांची सजा, वर तीन वर्षं सरकारी नजरेखाली, आणि जन्मभर बंदूक बंद. त्यानं कुणाला मारलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. ऑगस्ट २०२३ मध्ये पाचव्या सर्किटच्या अपील कोर्टानं ती सजा रद्द केली. कोर्ट म्हणालं, दारू प्यायलेला असताना बंदूक चालवू नका असे कायदे आमच्या इतिहासात आहेत. पण शुद्धीवर असलेल्या माणसाची बंदूक केवळ तो एरवी नशा करतो म्हणून काढून घ्यावी, असा कायदा इतिहासात नाही. सुप्रीम कोर्टानं पुन्हा विचार करा म्हणून प्रकरण खाली धाडलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याच अपील कोर्टानं ती सजा पुन्हा रद्द केली.

ऑगस्ट २०२४ मध्ये एल पासोच्या एका बाईच्या बाबतीत त्याच कोर्टानं तेच सांगितलं. ऑगस्ट २०२५ मध्ये अकराव्या सर्किटच्या कोर्टानं फ्लोरिडातल्या रुग्णांची बाजू ऐकून घेतली. डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध म्हणून गांजा घेणारे हे लोक. खालच्या कोर्टानं त्यांचा दावा फेटाळला होता, वरच्यानं तो पुन्हा उभा केला. आठव्या सर्किटनं मात्र कायदा सगळाच्या सगळा रद्द करायला नकार दिला. असा प्रत्येक कोर्टाचा सूर वेगळा. शेवटी टेक्सासमधल्या एका तरुणाचा खटला ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं दाखल करून घेतला. त्याच्या घराची झडती घेतली तेव्हा पिस्तूल आणि गांजा सापडला होता, थोडं कोकेनही. त्याच्यावरचा खटला खालच्या कोर्टांनी मोडीत काढला, आणि सरकार वर गेलं.

निकाल कुठल्याही बाजूला जावो, त्यानं आपला प्रश्न संपत नाही. आपला प्रश्न वेगळा आहे. माणसाला शिक्षा त्यानं काय केलं म्हणून, की तो कोण आहे म्हणून?

हा प्रश्न आपल्याला कुणी शिकवायला नको. १८७१ साली इंग्रजानं क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट आणला. पारधी, कैकाडी, कंजारभाट अशा जमातीच्या जमाती पुढं त्यात कोंबल्या. चोरी केली म्हणून नव्हे, या जातीत जन्मला म्हणून चोर. पोर जन्मलं की दप्तरात नाव. हजेरी द्या, गाव सोडायचं तर परवानगी घ्या. १९५२ साली तो कायदा गेला, पण जाताना आपली सावली मागं ठेवून गेला. तिला म्हणतात सराईत गुन्हेगारांचे कायदे. 'सराईत' हा शब्द बघा. त्यात आज काय केलं याची चौकशी नसते. कालच्या शिक्क्यावर उद्याची बेडी तयार असते. अमेरिकेतल्या खटल्यात सरकारी वकिलांनी जो जुना आधार शोधून काढला तोही हाच. पूर्वी आमच्याकडं सराईत दारुड्यांना भटके, उनाड म्हणून डांबत होते, तेव्हा आजच्या नशेबाजाची बंदूक काढली तर काय बिघडलं? उनाड म्हणजे कोण हे तिथं ठरवलं कुणी? गुलामगिरी गेल्यावर १८६५ साली मिसिसिपी राज्यानंच कायदे केले. ज्या सुटलेल्या काळ्या माणसाकडं कामाचा कागद नाही तो उनाड. त्याला धरा, दंड करा, दंड भरला नाही तर मळ्यावर मजुरीला जुंपा. आणि त्याच वर्षी त्याच राज्यात दुसरा कायदा केला की परवान्याशिवाय काळ्यानं बंदूक ठेवायची नाही. उनाडपणाचा कायदा आणि बंदुकीचा कायदा सख्खे भाऊ. एकाच घरात जन्मलेले, एकाच दाईनं काढलेले.

अमेरिकेत बंदुकीचा इतिहास म्हणजे रंगाचा इतिहास आहे. १८५७ साली ड्रेड स्कॉटच्या खटल्यात सरन्यायाधीश टॅनीनं काळा माणूस नागरिक होऊ शकत नाही असा निकाल दिला. कारणं देताना तो काय म्हणाला? यांना नागरिक म्हटलं तर यांना जावं तिथं हत्यार घेऊन फिरायचा हक्क द्यावा लागेल. म्हणजे भीती त्याच्या तोंडूनच बाहेर पडली. नागरिक असणं आणि हत्यार असणं त्यांच्या लेखी एकच होतं, म्हणून दोन्ही नाकारलं. १८६८ साली चौदावी दुरुस्ती आली, कागदावर काळा माणूस नागरिक झाला. १८७३ साली लुइझियानातल्या कोलफॅक्स गावात गोऱ्यांच्या टोळीनं डझनांनी काळे कापले, कितीतरी शरण आल्यावर. खटला सुप्रीम कोर्टात गेला तेव्हा १८७६ साली कोर्ट म्हणालं, दुसरी दुरुस्ती फक्त केंद्राच्या संसदेचे हात बांधते. खाजगी टोळीनं तुमची हत्यारं काढून घेतली तर आम्ही काय करणार? हात झटकायची कला सगळ्या देशांतल्या कोर्टांना येते.

मग १९६६. ओकलंडला ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. कॅलिफोर्नियात तेव्हा भरलेली बंदूक उघडपणे घेऊन फिरणं कायदेशीर होतं. पँथर कायद्याचं पुस्तक एका हातात, बंदूक दुसऱ्या हातात घेऊन पोलिसांच्या गाडीमागं फिरायचे. पोलिसानं काळ्याला अडवलं की ठराविक अंतरावर उभे राहून बघायचे. गोळी झाडायची नाही, नुसतं बघायचं. तेवढ्यानं राज्य हादरलं. २ मे १९६७ ला बॉबी सील आणि त्याचे साथी बंदुका घेऊन सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शिरले, जाहीरनामा वाचला. त्याच वर्षी मलफर्ड कायदा आला, भरलेली बंदूक घेऊन फिरायला बंदी. सही कुणाची? गव्हर्नर रोनाल्ड रेगनची. तोच रेगन, ज्याला १९८० साली अध्यक्षपदासाठी बंदूकवाल्यांच्या रायफल असोसिएशननं पाठिंबा दिला. बंदूक तीच, माणूस बदलला की कायदा बदलतो.

पण इथं थांबा. आपल्यातली काही पोरं एवढंच वाचून छाती फुगवतात. पँथर म्हणजे बंदूक, काळं जॅकेट, धुराचे ढग. नाही रे बाबा. ब्लॅक पँथर पार्टीची नियमावली होती, प्रत्येक सभासदाला पाठ असायची. त्यात एक नियम असा की दारू प्यालेला असताना, किंवा गर्द-गांजाच्या अमलात असताना कुणाही सभासदाजवळ हत्यार असता कामा नये. पार्टीचं काम करताना पिऊन यायचं नाही, हाही नियम. ओकलंडच्या बेकार पोरांनी, कुठल्याही लॉ कॉलेजात न बसता, साठच्या दशकात जी रेघ ओढली तीच रेघ पाचव्या सर्किटच्या न्यायमूर्तींना २०२३ साली इतिहासाची पोती उपसून सापडली. नशेत असशील तर हत्याराला हात लावू नकोस. उतरली की तू पुन्हा माणूस आहेस, शिक्का नाहीस.

गोदीतही हाच न्याय चालतो, चालला पाहिजे. क्रेनवर चढणारा पिऊन आला तर त्याला खाली उतरवायलाच हवं. वर टनाचा बोजा लटकतोय, खाली आमची टोळी उभी आहे. त्याच्या हक्काची भाषा तिथं आम्हीच ऐकून घेणार नाही. पण तो रविवारी घरी पितो म्हणून सोमवारी शुद्धीवर आलेला असताना त्याचं कार्ड काढून घ्यायचं? तर मग गोदी रिकामी होईल. आणि ज्याला काढायचंय त्यालाच काढलं जाईल. मुकादमाच्या मर्जीतला सोमवारीही पिऊन चालतो, मर्जीबाहेरचा गेल्या महिन्याच्या वासावर घरी जातो. शिक्क्याच्या कायद्याची ही खुबी आहे. त्यात सगळे बसतात, म्हणून हवा तो उचलता येतो.

अमेरिकेत हवा तो कोण, हे आकडे सांगतात. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसीएलयू या संघटनेनं २०२० साली अहवाल काढला. २०१८ च्या नोंदींवरनं त्यांनी दाखवलं की गोरे आणि काळे गांजा जवळपास सारखाच ओढतात, पण गांजा बाळगल्याबद्दल पकडला जायची शक्यता काळ्याची ३.६४ पट. धूर सारखाच, बेडी वेगळी. आता या पकडण्यावर बंदुकीचं कलम चढवा, आणि हिशेब तुम्हीच करा.

फिलँडो कॅस्टिलचं नाव लक्षात ठेवा. वय ३२. सेंट पॉलच्या शाळेत पोरांच्या जेवणाची व्यवस्था बघायचा. ६ जुलै २०१६ ला मिनेसोटात पोलिसानं त्याची गाडी अडवली. गाडीत त्याची मैत्रीण, मागं तिची चार वर्षांची मुलगी. कॅस्टिलकडं बंदुकीचा रीतसर परवाना होता. त्यानं अदबीनं सांगितलं, साहेब, माझ्याजवळ बंदूक आहे. पोलिसानं सात गोळ्या झाडल्या. नंतर पोलिसानं सांगितलं, गाडीत गांजाचा वास आला, म्हणून मला भीती वाटली. जून २०१७ मध्ये ज्यूरीनं त्याला निर्दोष सोडलं. आणि बंदूक हा देवाचा प्रसाद आहे असं सांगत फिरणारी रायफल असोसिएशन? तिची प्रवक्ती बाई म्हणाली, त्याच्याकडं गांजा होता ना, गांजा आणि बंदूक एकत्र ठेवणं बेकायदा आहे. हेच ते कलम. मेलेल्या माणसाचा हक्क मेल्यानंतर काढून घ्यायला ते उपयोगी पडलं.

याच कलमाची दुसरी बाजूही बघा. २०१८ साली, पुढं अध्यक्ष झालेल्या बायडनच्या मुलानं, हंटरनं, रिव्हॉल्व्हर घेतलं. फॉर्मवर लिहिलं, मी नशा करत नाही. रिव्हॉल्व्हर त्याच्याकडं अकरा दिवस होतं. जून २०२४ मध्ये ज्यूरीनं त्याला दोषी ठरवलं. १ डिसेंबर २०२४ ला बापानं माफी देऊन टाकली. बापानं मुलाला वाचवलं याचं मला दुःख नाही. मिसिसिपीच्या त्या नंबर प्लेट नसलेल्या गाडीवाल्याचा बाप व्हाइट हाऊसमध्ये नव्हता, एवढंच मी नोंदवून ठेवतो.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग ठीक आहे, कोर्टं हे कलम मोडतायत, टाळ्या वाजवू या. दोस्तहो, टाळी वाजवायच्या आधी फुटपट्टी बघा. कापड तुमच्या मापाचं निघालं म्हणून शिंप्याची फुटपट्टी खरी होत नाही.

जून २०२२ मध्ये ब्रुएन नावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं नवा दंडक घातला. निकाल लिहिला न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमसनं, जो स्वतः काळा आहे. दंडक असा की बंदुकीवरचा कुठलाही निर्बंध टिकायचा तर तो देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसतो हे सरकारनं दाखवायचं. आज त्या कायद्यानं किती जीव वाचतात हे सांगून भागणार नाही. १७९१ च्या आसपास असं काही होतं का ते दाखवा. मग वकील धावले दप्तरखान्यात. १६५५ चा व्हर्जिनियाचा कायदा काढला, दारू पिताना बंदुका उडवू नका. १७७१ चा न्यूयॉर्कचा काढला, नव्या वर्षाच्या धांगडधिंग्यात बंदुका उडवू नका. आणि नशेबाजांच्या खटल्यांत सरकारी वकिलांनी गुलामांकडनं, कॅथलिकांकडनं, तिथल्या मूळ आदिवासींकडनं हत्यारं काढून घेणारे कायदेही दाखले म्हणून पुढं ठेवले. म्हणजे पूर्वी आम्ही काळ्यांवर अन्याय केला होता, तेव्हा आज तुमच्यावर करायला परंपरेचा आधार आहे! च्यायला, याला न्यायशास्त्र म्हणतात.

ही फुटपट्टी किती सडकी आहे ते बघायचं तर टेक्सासचाच दुसरा खटला घ्या. बायकोला किंवा मैत्रिणीला मारहाण करतो म्हणून कोर्टानं ज्याला लांब राहायचा हुकूम दिलाय, अशा माणसानं बंदूक ठेवायची नाही, असं कलम आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाचव्या सर्किटनं, हो, त्याच पाचव्या सर्किटनं, ते कलमही मोडलं. कारण काय? तर १७९१ च्या परंपरेत बाईला मारणाऱ्याची बंदूक काढून घेणारा कायदा सापडत नाही. अरे, सापडेल कसा? १७९१ साली बाईला मत नव्हतं, बाईच्या अंगावरच्या वळांना कायद्याच्या वहीत रकानाच नव्हता. जून २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं आठ विरुद्ध एक असा तो निकाल फिरवला. ज्याच्याकडनं दुसऱ्याच्या जिवाला खरा धोका आहे असं कोर्टात ठरलंय त्याची बंदूक काढता येते, जुन्या कायद्याची हुबेहूब प्रत लागत नाही, तत्त्व जुळलं तरी पुरे, असं सांगितलं. विरोधात एकटा थॉमस. फुटपट्टी जराशी वाकवली, पण मोडली नाही. ती अजून १७९१ च्याच लाकडाची आहे.

आता आपण आपलं १७९१ आठवू. त्या साली पुण्यात सवाई माधवराव पेशवा गादीवर होता. आपल्या हक्कांचं माप त्या सालच्या परंपरेनं घ्यायचं ठरवलं तर आपल्या हातात काय येईल ते मी लिहायची गरज नाही, तुमच्या आज्यापणज्यांच्या पाठीवर ते लिहिलेलं आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये सांगितलं की चातुर्वर्ण्यानं खालच्या वर्गाला हत्यार धरू दिलं नाही, म्हणून त्याला बंड करता आलं नाही. हत्यार नाकारायची परंपरा आपल्याकडं टॅनीच्या कितीतरी आधीची आहे. इंग्रज आला तेव्हा १८७८ च्या आर्म्स ॲक्टनं सगळ्या हिंदी लोकांना परवान्याच्या रांगेत उभं केलं आणि गोऱ्याला सूट दिली. आपल्यासाठी रांगेच्या मागं आणखी एक रांग होतीच.

म्हणून आपल्या घटनेचं तेरावं कलम काढून वाचा. बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष होते. ते कलम म्हणतं, ही घटना येण्याआधीचे जे कायदे मूलभूत हक्कांच्या आड येतात ते तेवढ्यापुरते रद्द. आणि कायदा म्हणजे काय याची व्याख्या करताना त्यात रूढी आणि परिपाठही घातले. बघा हा फरक. अमेरिकेचं कोर्ट म्हणतं, हक्कावरचा निर्बंध परंपरेत सापडला तर टिकेल. आपली घटना म्हणते, परंपरा हक्काच्या आड आली तर परंपरा मरेल. तिथं इतिहास साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात येतो आणि न्यायाधीश होऊन बसतो. इथं इतिहास आरोपी आहे. ज्यांच्या इतिहासात सुख होतं त्यांनी इतिहासाची फुटपट्टी करावी. ज्यांच्या इतिहासात गळ्यात मडकं होतं त्यांनी ती फुटपट्टी मोडून चुलीत घालावी.

मग आपण कुठं उभं राहायचं? या लढाईत गर्दी मोठी मजेशीर आहे. एका बाजूला रायफल असोसिएशन आणि एसीएलयू शेजारीशेजारी उभे, दोघंही म्हणतात हे कलम चुकीचं. दुसऱ्या बाजूला ट्रम्पचं सरकार, जे बंदुकीच्या हक्काच्या नावानं मतं मागतं, तेच या कलमाची वकिली करतं, आणि त्याच्या बाजूला बंदुका कमी व्हाव्यात म्हणणारे लोक. ब्रुएनच्या खटल्यात न्यूयॉर्कच्या गरिबांचे खटले लढवणाऱ्या काळ्या सरकारी वकिलांनी बंदुकीच्या हक्काच्या बाजूनं अर्ज दिला होता. ते म्हणाले, परवान्याच्या कायद्याखाली आमच्यासमोर आरोपी म्हणून जे येतात ते जवळजवळ सगळे काळे आणि लॅटिन. आपल्याकडची पुरोगामी मंडळी असा अर्ज बघून गोंधळतील. मी गोंधळत नाही. ज्याच्या पायाखाली निखारा आहे तो आधी पाय उचलतो, मग तत्त्वज्ञान बघतो.

पण निखारा दोन्हीकडं आहे हेही विसरू नका. अमेरिकेत गोळीनं खून होतात त्यात काळ्या तरुणांचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा कितीतरी पट आहे. बंदूक मोकळी सोडली की ती आधी गरिबाच्याच गल्लीत फिरते. बंदुकीचा कारखानदार त्या गल्लीत राहत नाही. म्हणून बंदुकीच्या हक्काचा जयजयकार मी करणार नाही, आणि या अंकातनं कुणी करू नये.

माझं म्हणणं चार ओळींत मांडतो. नशेत असलेल्याच्या हातातलं हत्यार काढा, मग तो गांजात असो की स्कॉचमध्ये. ज्यानं बाईला, शेजाऱ्याला, कुणालाही धोका केला त्याला कोर्टासमोर उभा करा, पुरावा मांडा, त्याचं ऐकून घ्या, आणि मग त्याचं हत्यार काढा. पण माणसांचा गठ्ठा बांधून त्यावर शिक्का मारू नका. आणि गठ्ठा बांधायचा की नाही हे दोनशे वर्षांपूर्वीच्या मालकांना विचारू नका.

हे अमेरिकेपुरतं नाही. सराईत, संशयित, उनाड, नशेबाज, भाईगिरी करणारा, हे शब्द आपल्या वस्तीच्या पोलीस चौकीतही रोज वापरले जातात. तुमच्यातल्या कितीतरी जणांची नावं काही न करता कुठल्या ना कुठल्या वहीत असतील. पुढच्या वेळी वही उघडली की विचारा, साहेब, मी केलं काय ते सांगा. मी कोण आहे ते मला माहीत आहे.

आणि नशेचं म्हणाल तर ओकलंडच्या पोरांचा तो नियम आपल्या भिंतीवरही लिहून ठेवा. आपलं हत्यार लेखणी आहे, मोर्चा आहे, युनियन आहे. तेही झिंगून धरायचं नसतं.